तिजोरीची दुसरी किल्ली

बँकेत मी अडतीस वर्षं काढली. १९८१ मध्ये कारकून म्हणून लागलो आणि २०१९ मध्ये शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या दोन लोकांनी वाचल्या. या नोकरीनं माझ्या अंगात एक गोष्ट मुरवली. संध्याकाळी रोकड मोजताना कमी भरली, तर ती त्याच दिवशी सांगायची. 'उद्या सापडेल', 'कुणाला तरी जास्त गेली असेल', 'सोमवारी बघू' असं म्हणायचं नाही. दहा रुपये का असेनात, वहीत नोंद झालीच पाहिजे. हाताखालच्या कितीतरी पोरांना मी यावरून झापलं होतं. आणि गेल्या जानेवारीत माझ्या स्वतःच्याच गल्ल्यात रोकड कमी भरली, तेव्हा मात्र मी सोळा दिवस गप्प बसलो.

त्याचं असं झालं. मुलगा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी येतो. सून इथेच सांगलीत शिकवते. त्यामुळे दुसरीतल्या नातवाला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी सकाळी लिहिण्याच्या नादात पोह्यांची बशी अर्धी तशीच राहिली. मधुमेहाच्या गोळ्या मात्र घड्याळाच्या काट्यावर घेतल्या होत्या. दुपारी नातवाला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. आमचं घर विश्रामबागला. रोजचं वळण आलं आणि गेलं. मी आपला सरळ मिरजेच्या दिशेनं चाललो होतो.

"आजोबा, आपलं घर मागे गेलं."

शब्द ऐकू आले, अर्थ लागेना. त्यानं शर्ट ओढला तशी मी स्कूटर कडेला घेतली. जानेवारीतली हवा, पण शर्ट पाठीला चिकटला होता. समोर एक दुकान होतं. पाटी मराठीत होती, अक्षरं दिसत होती, पण ती जुळून शब्द होत नव्हता. ज्या माणसानं आयुष्यभर अक्षरांशी खेळ केला, त्याला एक पाटी वाचता येईना! पोरानं काय ओळखलं कुणास ठाऊक. त्यानं डबा उघडला. संक्रांतीचे तिळगुळाचे दोन लाडू उरले होते, ते माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले, त्याच्या बाटलीतलं पाणी प्यालो. दहा-पंधरा मिनिटांनी पाटी वाचता आली. पंक्चर काढण्याचं दुकान होतं.

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. नातवाला म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं. हे आपलं दोघांचं गुपित."

सोळा दिवस आम्ही तसेच जात-येत राहिलो. सतराव्या दिवशी शाळेच्या फाटकाशी हेल्मेट घालता घालता त्यानं विचारलं, "आजोबा, आज घर मागे जाणार नाही ना?"

त्यानं आईला सांगितलं नव्हतं. माझ्या गल्ल्यातली तूट सात वर्षांचं पोर एकट्यानं सांभाळत होतं. त्या रात्री जेवताना मी सगळं सांगून टाकलं. सुनेनं हातातला घास ताटात ठेवला. आरडाओरडा नाही, काही नाही. "बाबा, उद्यापासून याला मी आणीन," एवढंच म्हणाली. ही मात्र रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "अहो, निदान मला तरी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. जाताना महिन्यापूर्वीचा रिपोर्ट सोबत नेला, जणू वकिलाकडे पुरावाच नेतोय. एचबीएवनसी ७.१. तीन महिन्यांच्या साखरेची ही सरासरी. याच आकड्यावर डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली होती.

"काका, ती सरासरी आहे," डॉक्टर म्हणाले.

बँकवाल्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नसते. एखाद्या खात्याची सरासरी शिल्लक झकास असते, आणि त्याच महिन्यात त्या खात्याचे दोन चेक परत गेलेले असतात. पहिल्या तारखेला रक्कम भरपूर, वीस तारखेला खडखडाट. सरासरी दोन्हींना झाकून टाकते. माझंही तेच होत होतं. नाश्त्यानंतर साखर उसळत होती, भलत्या वेळी तळ गाठत होती, आणि दोन्हींची बेरीज-भागाकार होऊन ७.१ चं प्रशस्तिपत्र मिळत होतं.

डॉक्टरांनी कारणंही सांगितली. माझी एक गोळी अशी, की ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती विचारत नाही. त्यात रात्रीचं इन्सुलिन. साखर सत्तरच्या खाली गेली की शरीर सहसा ओरडून सांगतं: छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, भूक लागते. पण साखर वारंवार खाली जाऊ लागली की शरीर ओरडायचं सोडून देतं. शिवाय रक्तदाबासाठी मी घेत असलेली बीटा-ब्लॉकर जातीची गोळी धडधड आणि थरथर दाबून टाकते, घाम तेवढा राहतो. म्हणजे चोर येत होता आणि घरातलं कुत्रं भुंकत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी लगेच निम्मी केली आणि म्हणाले, "आता दंडाला सेन्सर लावू. रात्री काय होतंय तेही कळू दे."

"कुठला लावायचा?"

"बाजारात बरेच आहेत. पण काका, आधी प्रश्न ठरवा. यंत्र मग आपोआप ठरतं."

घरी येताना मला वडिलांची आठवण झाली. १९७१ च्या सुमाराची गोष्ट, मी बारा वर्षांचा. वडिलांना मधुमेह. आमच्या मोरीच्या खिडकीत स्पिरिटचा दिवा, एक परीक्षानळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर उत्तम. हिरवा झाला तर थोडी साखर, मग पिवळा, मग नारिंगी, आणि विटेसारखा लाल झाला की घरात शांतता. नळी धरायचं काम माझं. एका सकाळी नळी स्वच्छ निळी होती. वडील खुशीत उठले आणि नळाखाली कोसळले. आईनं तोंडात साखर कोंबली म्हणून वाचले.

निळं म्हणजे सारं ठीक, असं आम्ही समजत होतो. वास्तविक रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे निळा रंग १५० लाही निळा आणि ४५ लाही निळाच. साखर जास्त झाल्याचं ती नळी सांगायची. कमी झाल्याचं सांगायची सोयच तिच्यात नव्हती.

पुढे घरच्या घरी बोट टोचून रक्त तपासायची यंत्रं आली, आणि ती फार मोठी सुधारणा होती. पण बोट टोचून कळते ती त्या क्षणाची शिल्लक. रात्री तीन वाजता कोण उठून टोचणार? १९९९ मध्ये अमेरिकेत सलग मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला मंजुरी मिळाली. ते तीन दिवस लावायचं, आणि आकडे नंतर डॉक्टरांनी बघायचे. २०१४ मध्ये युरोपात फ्रीस्टाइल लिब्रे आलं. ते दंडाला चौदा दिवस राहायचं आणि त्याचा मेळ घालायला रोज बोट टोचावं लागत नसे. तिथून ही गोष्ट इस्पितळातून घराघरात शिरली. आपल्याकडे २०१५ मध्ये त्याची डॉक्टरांनी वापरायची आवृत्ती आली.

यंत्र म्हणजे काय, तर जुन्या रुपयाएवढी एक चकती. तिच्या खाली केसासारखी बारीक, लवचीक तार. ती दंडाच्या मागच्या बाजूला त्वचेखाली जाते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. साखरेशी त्याची क्रिया झाली की सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि त्यावरून आकडा काढून तो फोनवर पाठवला जातो. लावताना टक् असा आवाज होतो. बोट टोचण्यापेक्षा कमी दुखलं, हे शपथेवर सांगतो.

यातली मेख अशी, की ही तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते. रक्तातली साखर तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. साखर संथ असेल तेव्हा फरक जाणवत नाही, पण ती भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा फोनवरचा आकडा मागे राहतो. गाडी विश्रामबागला पोचलेली असते आणि फोन अजून सांगली स्टेशनच दाखवत असतो. म्हणून आकड्यापेक्षा शेजारचा बाण महत्त्वाचा. शंभर आणि बाण सरळ, तर निवांत बसावं. शंभर आणि बाण खाली, तर उठून काहीतरी खावं.

मी सेन्सर घेणार ही बातमी निवृत्तांच्या कट्ट्यावर पोचली आणि सल्ल्यांचा पूर आला. एकानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "टोचणं नाही, काही नाही, घड्याळच शुगर सांगतं." मी त्याचं घड्याळ घटकाभर बांधलं, त्याचा आणि माझा आकडा एकच आला! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलं आहे, की त्वचेला न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेणारा माणूस जिवाशी खेळतो.

न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मामा, इथे आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सेन्सर मिळतो. येताना चार आणतो." डेक्सकॉम कंपनीच्या स्टेलोला मार्च २०२४ मध्ये तिथे तशी मंजुरी मिळाली, हे खरं. मी चष्मा पुसला आणि त्याची माहिती बारकाईनं वाचली. कर्जाचे करार वाचायची सवय अशी कामाला येते. तो इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांची साखर धोकादायक रीतीनं खाली जाते त्यांनी तो वापरू नये, कारण तशा वेळी इशारा देण्यासाठी तो बनवलेलाच नाही. यंत्र आपल्या जागी उत्तम असेल. पण मला तो म्हणजे पुन्हा वडिलांची निळी नळी झाली असती.

तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं पटलं. माझा प्रश्न 'साबुदाण्यानं साखर किती चढते' हा नव्हता. 'साखर कोसळताना मला कोण उठवणार' हा होता. या प्रश्नाची चाळणी लावली आणि बाजारातला गोंधळ बराच निवळला. ढोबळपणे तीन तऱ्हा उरल्या. पहिली, डॉक्टरांनी लावायची. दोन आठवडे आकडे साठतात, शेवटी डॉक्टर बघतात, आपल्याला मधे काही दिसत नाही. औषधाचा हिशेब तपासायला ही चांगली, हे ऑडिटच म्हणा ना. दुसरी, फोन किंवा वाचक-यंत्र जवळ नेलं की आकडा दाखवणारी. तुम्ही विचारलं तर सांगणार, न विचारता बोलणार नाही. या तऱ्हेच्या पहिल्या सेन्सरमध्ये आठ तासांपुरतेच आकडे साठत, त्यामुळे आठ तासांत एकदा तरी वाचावं लागे. तिसरी, दर काही मिनिटांनी आपणहून आकडा पाठवणारी आणि साखर ठरल्या मर्यादेखाली गेली की फोन वाजवणारी. मला तिसरी हवी होती.

मग बारीक गोष्टी. पहिली म्हणजे माझा फोन त्या यंत्राला चालतो का. कंपन्या चालणाऱ्या फोनची यादी देतात, ती पैसे देण्याआधी बघावी. दुसरी, अचूकपणा. प्रयोगशाळेच्या आकड्यापासून सरासरी किती टक्के फरक पडतो, हे प्रत्येक यंत्राच्या माहितीत असतं. आठ-दहा टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं म्हणतात. पण त्या दोन टक्क्यांवरून भांडणारे आम्ही कट्ट्यावरचे लोक पहिल्या दिवसाचा आकडा कच्चा असतो हे विसरतो. तिसरी, आपली औषधं. काही सेन्सरांना व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेमुळे आकडा फुगवून दाखवायची खोड असते, काहींना पॅरासिटामॉलमुळे. गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. एमआरआय काढायचा झाला तर सेन्सरचं आधी सांगावं. चौथी, सेन्सर मुदतीआधी गळून पडला तर बदलून मिळतो का, आणि कुणाकडून. आपल्याकडच्या उकाड्यात, घामात हा प्रश्न येतोच. आणि बोट टोचायचं यंत्र फेकून द्यायचं नाही. आकडा एक आणि जिवाला वाटतंय दुसरं, अशा वेळी बोटाचा शब्द अखेरचा.

आता पैशांचं. मला एक सेन्सर सुमारे पाच हजारांना पडला, चौदा दिवसांसाठी. वर्षभर लावायचा तर सव्वीस, म्हणजे एक लाख तीस हजार. याउलट वीस रुपयांची एक पट्टी धरून दिवसाला चार वेळा बोट टोचलं तर वर्षाला एकोणतीस हजारांच्या आसपास. माझ्या आरोग्य विम्यात यातलं काहीच बसत नव्हतं. पेन्शनरानं हा हिशेब घरात मांडला तेव्हा ही म्हणाली, "स्कूटर कडेला घेताना मागून ट्रक आला असता तर? त्याचा हिशेब मांडलात का?" मी वही मिटली.

तरी आंधळेपणानं वर्षाचं बांधून घेतलं नाही. डॉक्टरांशी बोलून ठरवलं, की औषधांची घडी बसेपर्यंत तीन महिने सलग लावायचा, म्हणजे सहा सेन्सर, तीस हजार. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक. आणि प्रत्येकाला हे लागतंच असंही नाही. आमचे जुने हेडकॅशिअर माझं बघून दुकानात निघाले होते. त्यांना साधी मेटफॉर्मिनची एक गोळी, साखर आटोक्यात, ती खाली जाण्याचा धोका जवळपास नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हवं तर एकदा चौदा दिवस लावून बघा, पोहे आणि भाकरी यांतला फरक डोळ्यांनी दिसेल, पण कायमची गरज नाही. त्यांनी त्या पैशांत चांगले बूट घेतले आणि सकाळी कृष्णेच्या काठानं चालायला लागले. माझ्या मते त्यांनीही बरोबर यंत्र निवडलं.

खरी अडचण पुढेच होती. या सेन्सरचा इशारा दुसऱ्याच्या फोनवरही पाठवता येतो. तो कुणाच्या? हीला कमी ऐकू येतं. मुलगा पुण्याला. उरली सून. आणि मी अडून बसलो. सासऱ्यानं दुपारी चोरून जिलबी खाल्ली, हे सुनेच्या फोनवर उमटायचं? माझ्या शरीराचं पासबुक तिच्या हाती द्यायचं? वरवर मी 'तिला कशाला त्रास' असं म्हणत होतो. आत दुसरंच होतं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्याला स्वतःची वही तपासली जाणं सोसवत नव्हतं.

सुनेनंच तोडगा काढला. "बाबा, साखर वाढल्याचा इशारा मी बंद ठेवते. फक्त कमी झाल्याचा येऊ दे. आलेख मी उघडणार नाही." त्यावर मी काय बोलणार?

तिसऱ्याच रात्री फोन किंचाळला. ५८! सगळं घर जागं झालं. सून धावत आली, मागून नातू लाडूचा डबा घेऊन. बोट टोचलं तर १०९. मी सेन्सर लावलेल्या दंडावरच झोपलो होतो. त्या जागेवर दाब पडला की आकडा खोटाच खाली दिसतो. मी खजील झालो आणि चिडलोही. "काढून टाकतो हे. निदान तुझ्या फोनवरचं तरी बंद कर." ती म्हणाली, "राहू दे बाबा. तुम्ही दुसऱ्या कुशीवर झोपत जा."

नवव्या रात्री ही कोल्हापूरला बहिणीकडे गेली होती. पुढचं मला आठवत नाही, सुनेनं सांगितलेलं सांगतो. पावणेचारला तिचा फोन वाजला. ६१, बाण खाली. ती खोलीत आली तेव्हा माझ्या उशाशी माझाही फोन वाजत होता आणि मी घामानं भिजून पडलो होतो, डोळे अर्धवट उघडे. बोटाची साखर ५७. तिनं मला बसतं केलं आणि पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी फोन अजून ५९ च दाखवत होता. मी म्हणे लाडू मागत होतो. तिनं आधी बोट तपासलं, ८४ होती. फोन मागे होता, रक्त पुढे गेलं होतं. घाबरून त्या वेळी आणखी चार लाडू खाल्ले असते, तर सकाळी साखर तीनशेवर गेली असती.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक रोखपालाकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. नव्या मॅनेजरला यात पहिल्यांदा अपमान वाटतो. काही वर्षांनी कळतं, की दुसरी किल्ली अविश्वासाची नसते. एकट्या माणसावर एवढा भार टाकू नये, म्हणून ती असते. माझ्या उशाचा फोन त्या रात्री चोख वाजला होता. पण ज्याला उठवायचं तोच उठण्याच्या स्थितीत नव्हता. लाखभराचा सेन्सर असता तरी दुसऱ्या किल्लीवाचून तो निरुपयोगी होता. सेन्सर निवडताना कंपनी कुठली, टक्का किती, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, की तो वाजल्यावर कोण येणार आहे? आणि येणाऱ्याला येऊ द्यायची आपली तयारी आहे का?

चौदा दिवसांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला. पाच रात्री पहाटे साखर सत्तरच्या खाली. त्यांनी ती गोळी पूर्ण बंद केली, रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. (हे माझ्यापुरतं. कुणी माझं वाचून आपल्या गोळ्या बंद करू नयेत.) त्यांनी मला एक नवा हिशेब शिकवला. साखर ७० ते १८० च्या दरम्यान किती वेळ राहते, हा. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेलं प्रमाण असं, की बहुतेक प्रौढांची साखर दिवसाच्या सत्तर टक्के वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास, या पट्ट्यात असावी. वयस्क आणि धोका जास्त असलेल्या माणसांना निम्मा वेळही पुरे. पण सत्तरच्या खाली त्यांनी एक टक्क्याहून कमी वेळ असावं, म्हणजे दिवसातली पंधरा मिनिटंसुद्धा नको. तरुणपणी फायदा बघावा, म्हातारपणी बुडीत कर्ज टाळावं, असा त्याचा अर्थ मी लावला.

एप्रिलमध्ये पुन्हा एचबीएवनसी केली, ७.४ आली. मी ओशाळून रिपोर्ट पुढे केला, आणि डॉक्टर हसले. "काका, यावेळचे ७.४ मला मागच्या ७.१ पेक्षा जास्त आवडले." तीन महिन्यांच्या शेवटच्या सेन्सरमध्ये एकही चेक परत गेला नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी सकाळी सुनेनं नातवाचं हेल्मेट माझ्या टेबलावर, लिहायच्या कागदांवर आणून ठेवलं. काही बोलली नाही. तेव्हापासून आमचा एक नियम आहे. निघण्याआधी साखर बघायची. शंभरच्या खाली असेल तर आधी खायचं, आकडा वर आल्याशिवाय स्कूटरला हात लावायचा नाही. सेन्सर असतो तेव्हा फोनवर, नसतो तेव्हा बोट टोचून. शाळेच्या फाटकाशी परतीच्या आधी पुन्हा एकदा. आकडा वाचायचं काम नातवाकडे. तो इतक्या मोठ्यानं वाचतो, की इतर आयाही वळून बघतात.

"एकशे बत्तीस! चला आजोबा."

संध्याकाळी आई आली की तोच आकडा तो तिला सांगतो. आता आमच्यात गुपित नाही.